पुढचे दोन, मागचे दोन

आमच्या हिरासे जंक्शनात संध्याकाळी पाच बावन्नची गाडी येते ती चार डब्यांची एक, आणि जाते ती दोन-दोन डब्यांच्या दोन होऊन. पुढचे दोन डबे समुद्राकडे, नागिसाकीला. मागचे दोन डोंगरात, ओकुतानीला. मधली जोडणी सोडवतात, पाच छप्पन्नला पुढची जोडी सुटते, पाच एकोणसाठला मागची. सख्ख्या भावांची वाटणीसुद्धा इतक्या शांतपणे होत नाही.

पण या वाटणीत एक गोम आहे. आमच्याकडची माणसं गाडीत बसली की झोपतात. बसायला जागा नसली तर उभ्याउभ्या झोपतात. शहरात दिवसभर राबून निघालेला माणूस भलत्या डब्यात डोळे मिटून बसला की त्याला जाग येते ती खारवलेल्या माशांच्या वासाने, आणि घर राहिलेलं असतं मागे डोंगरात. मग पुढच्या गाडीची वाट बघत तास-दीड तास बाकावर बसायचं आणि घरी जाऊन बायकोला पटवायचं की आपण प्यालेलो नाही.

म्हणून तीन नंबरच्या फलाटावर उसामी होते.

खरं तर त्यांचं काम एवढंच, की भोंग्यावरून सांगायचं, "पुढचे दोन नागिसाकी, मागचे दोन ओकुतानी," दारं लागली का ते बघायचं, पांढऱ्या हातमोज्याचं बोट सिग्नलकडे रोखून मोठ्याने "बरोबर!" म्हणायचं आणि गाडी सोडायची. झोपलेल्यांना उठवा असं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. ते काम उसामींनी आपण होऊन गळ्यात घेतलं होतं. गाडी थांबली की ते पहिल्या डब्यात शिरत आणि झपाझप चौथ्यातून बाहेर पडत. माणसाला हात लावायचा नाही. सीटशेजारच्या दांडीवर बोटाच्या पेराने तीन वेळा टकटक करायचं आणि म्हणायचं, "आजोबा, ओकुतानी मागे." किंवा, "बाई, तुमचं नागिसाकी पुढे." आजोबा अर्धवट झोपेत उठत, टोपी सांभाळत मागच्या डब्यात जात आणि तिथे पुन्हा झोपत.

कोण कुठे जाणार हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. सव्वीस वर्षं पाहिलेले चेहरे, सगळे पाठ. "सव्वीस वर्षांत माझ्या फलाटावरून एक माणूस चुकीच्या दिशेला गेलेला नाही," असं ते सांगत. ही बढाई होती, पण खरी होती. आमच्यापैकी कितीतरी लोक उसामी आहेत म्हणून खुशाल झोपत.

घरी त्यांची बायको सुमिए मात्र या शिस्तीला कंटाळली होती. उसामी घरातसुद्धा बोट रोखत. झोपायच्या आधी गॅसकडे बोट, "बंद, बरोबर!" कडीकडे बोट, "लावली, बरोबर!"

"अहो, एकदा माझ्याकडेही बोट दाखवा," सुमिए म्हणे. "बायको आहे, बरोबर, म्हणा. तेवढीच नोंद राहील."

फलाटावर योनेमावशीचं शेवयांचं दुकान होतं. उभं राहून खायचं, चार मिनिटांत वाडगा रिकामा करायचा. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, मूळची ओकुतानीकडची, आणि स्टेशनात उसामींना "अरे" म्हणणारी ती एकटीच. ती म्हणायची, "उसामी, तू लोकांना उठवतोस ते ठीक आहे रे. पण एखाद्याला चुकायचंच असेल तर?"

"चुकायचं कुणाला असतं मावशी?" उसामी म्हणत आणि वाडगा तोंडाला लावत.

त्या वर्षी चौदा नोव्हेंबरला फलाटावरच्या बसायच्या खोलीत रॉकेलची शेगडी पेटली. दरवर्षी त्याच तारखेला पेटते, थंडी असो वा नसो. उसामींनी ती स्वतः पेटवली, ज्योतीकडे बोट रोखलं, आणि पाच बावन्नची गाडी आली.

दुसऱ्या डब्यात हामुराबाई बसल्या होत्या. चिझुरू हामुरा, वय पन्नाशीला आलेलं, तीन स्टेशनं अलीकडच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम. राहायला ओकुतानीच्या अलीकडच्या गावात, एकट्या. नवरा लाकडाच्या गिरणीत होता, चार वर्षांपूर्वी वारला. गेली चौदा वर्षं तिसऱ्या डब्यात, खिडकीला डोकं टेकून. उसामींना त्यांच्याकडे बघावंही लागत नसे, इतक्या त्या आपल्या जागी असत. आणि आज ही बाई दुसऱ्या डब्यात! डोळे मिटलेले, मांडीवर जांभळ्या रुमालात बांधलेला डबा, त्यावर दोन्ही हात.

उसामींनी दांडीवर टकटक केलं.

"बाई, ओकुतानी मागे."

हामुराबाईंनी डोळे उघडले. उसामींकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर उसामींनी अदबीने तो डबा उचललाही होता. आजूबाजूचे दोघेतिघे बघायला लागले. बाई झटकन उठल्या, वाकल्या. "अगंबाई, माफ करा. उगाच त्रास तुम्हाला."

"त्रास कसला? चला."

डबा हातमोज्यातूनही गरम लागत होता. उसामींनी तो तिसऱ्या डब्यातल्या बाईंच्या नेहमीच्या जागेवर ठेवला, टोपीला हात लावला आणि खाली उतरले. पाच छप्पन्नला पुढचे दोन डबे नागिसाकीला गेले. पाच एकोणसाठला मागचे दोन गेले. "बरोबर!" उसामी म्हणाले. शेगडीपाशी येऊन हात शेकताना त्यांना फार बरं वाटत होतं.

त्यानंतर दहाबारा दिवस हामुराबाई दिसल्या नाहीत. मग दिसायला लागल्या, तिसऱ्या डब्यात, खिडकीला डोकं टेकून. उसामींनी मनातल्या मनात त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली.

आमच्याकडे घरात कुणी गेलं असेल तर डिसेंबरात ओळखीपाळखीच्यांना एक करडं पोस्टकार्ड पाठवतात. यंदा आम्ही सुतकात आहोत, नववर्षाच्या शुभेच्छा देणार नाही, राग नसावा. असं एक कार्ड योनेमावशीला आलं. तिचा चष्मा नेमका रश्श्यात पडला होता.

"वाच रे जरा," तिने ते उसामींपुढे धरलं. "कोण गेलं?"

उसामी फलाटावरच्या त्यांच्या खणखणीत आवाजात वाचायला लागले. "वडील मासुझो, वय एक्क्याऐंशी, यांचं चौदा नोव्हेंबर रोजी नागिसाकी इथे निधन झालं. चिझुरू हामुरा."

"हां, आमच्याकडच्या चिझुरूच्या बापाचं होय," मावशी म्हणाली. "एकवीस वर्षं बापलेक बोलत नव्हते, माहितीये? मासे सुकवायचा मोठा धंदा बापाचा, त्याला जावई हवा होता तिथलाच. ही गेली लाकूडवाल्याबरोबर डोंगरात. नवरा मेला तरी बाप आला नाही, आणि हिनेही कळवलं नाही. दोघं एका मापाची. मग आईचा निरोप आला, आजचा दिवस काढतील असं वाटत नाही म्हणून. निघाली होती बिचारी. शाळेतच अळंब्यांचा भात केला, बापाला आवडायचा. पण पोचली नाही."

"का?"

"गाडी चुकली म्हणे. एवढंच म्हणाली, गाडी चुकली."

उसामींनी कार्डावरची तारीख पुन्हा वाचली. शेगडी पेटवली तो दिवस. जांभळा रुमाल. कामावरून दमून घरी जाणारी बाई कशाला गरमागरम भाताचा डबा, पाहुण्यांकडे न्यावा तसा गाठ मारून, घेऊन जाईल? एवढं साधं त्यांच्या डोक्यात यायला हवं होतं. चौदा वर्षांचं पाठांतर होतं ना डोक्यात, विचाराला जागाच नव्हती.

"मावशी, गाडी चुकली नव्हती," ते म्हणाले. "मी चुकवली."

त्या दिवशी जेवताना त्यांनी सुमिएला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, तुमचा काय दोष, तिने तोंड उघडायचं होतं. सुमिएने भाजलेला मासा त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "ती कशी बोलेल? तुम्ही इतक्या खात्रीने येता ना, की समोरच्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल."

"असं?"

"लग्नाला एकतीस वर्षं झाली. योनेबाईंकडे गेलो की तुम्ही दोघांसाठी बारीक शेवया सांगता. मला जाड आवडतात."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या वर्षी बोलले नाही. मग बोलायची वेळ निघून गेली."

त्या रात्री उसामींनी गॅसकडे बोट रोखलं, पण "बरोबर" त्यांच्या तोंडून आलं नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुसऱ्या दिवसापासून उसामी डब्यात शिरायचे बंद झाले. भोंग्यावर सांगत, फलाटावर उभे राहत, आणि चार मिनिटं बुटांच्या टोकांकडे बघत. आठवडाभरात आमच्यातले सहा जण भलतीकडे गेले. ओकुतानीचे दाताचे डॉक्टर नागिसाकीच्या धक्क्यावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी तणतणत आले. "उसामी, आजारीबिजारी आहात का? मला उठवलं नाहीत!"

"डॉक्टर, तुम्ही कुठे जाणार हे मला कसं कळणार?"

"वीस वर्षं कळत होतं ते?"

उसामी नुसते वाकले.

जानेवारीतल्या एका सुटीच्या दिवशी त्यांनी काळा सूट घातला, मिठाईचा खोका घेतला आणि मागच्या दोन डब्यांत बसून डोंगराकडे निघाले. हा रस्ता त्यांनी हजारोंना दाखवला होता. स्वतः त्या डब्यांतून गेल्याला मात्र कितीतरी वर्षं झाली होती. गाव छोटं, बर्फ गुडघ्याएवढं. दार उघडलं तशी हामुराबाईंनी त्यांना आधी ओळखलंच नाही. टोपी नव्हती ना.

"मी उसामी. हिरासे स्टेशन, तीन नंबर फलाट."

मग त्या उंबऱ्याच्या आतच उसामी गुडघे टेकून बसले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले. सगळं बोलणं त्यांनी गाडीत पाठ केलं होतं. त्यातलं एवढंच आलं, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं नाही. तुमची आणि तुमच्या वडिलांची गाठ माझ्यामुळे चुकली. याला माफी नाही, हे मला कळतं."

बाईंनी मिठाईचा खोका बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "उठा हो. फरशी गार आहे. आत या."

त्यांनी चहा ठेवला. फळीवर म्हाताऱ्याचा फोटो होता, छोटासा, कुठल्याशा समूहचित्रातून कापलेला. उसामींनी त्याला हात जोडले. मग दोघं, खाली शेगडी आणि वर पांघरूण असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून, समोरासमोर बसले, आणि बाई चहाच्या कपाकडे बघत बोलायला लागल्या.

"मी झोपले नव्हते."

उसामींनी मान वर केली.

"डोळे मिटून बसले होते. निघाल्यापासून मनात एकच, काहीतरी व्हावं आणि जायला लागू नये. गाडी बंद पडावी. कुणी ओळखीचं भेटावं. एकवीस वर्षांनी त्या दारात जायचं, तो बोलेल का, हाकलेल का, ओळखेल तरी का... आणि तुम्ही आलात. 'बाई, ओकुतानी मागे.' तुम्हाला सांगते, माझा जीव भांड्यात पडला."

"पण तुम्ही काही बोलणार होतात. मी बघितलं."

"बोलणार होते. नाही बोलले. तुम्ही मला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेलंत. पुढच्या स्टेशनवर उतरून मागे येता आलं असतं. उशिरा का होईना, पोचले असते. तिथून घरापर्यंत मी माझी गेले. घरी आले, डबा उघडला आणि भात खाल्ला. गरम होता अजून. खाऊन होतोय तोच आईचा फोन आला."

चहा गार झाला. बाहेर छपरावरून बर्फाची एक लादी धपकन घसरली.

"सगळ्यांना सांगितलं, गाडी चुकली," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर ढकललं हो मी. नाव नाही घेतलं, पण मनातून ढकललं. ते सोपं होतं. तुम्ही आज आला नसतात तर जन्मभर ढकलत राहिले असते."

उसामी माफी मागायला आले होते आणि समोरची बाईच वाकली होती. आता कोणी कोणाला माफ करायचं हे दोघांनाही कळेना. सगळा दोष आपला नाही हे ऐकून माणसाला हलकं वाटायला हवं. उसामींना वाटलं नाही. ते म्हणाले, "मी विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं."

"हो," बाई म्हणाल्या. "तेवढं मात्र खरं."

"आई कशी आहे तुमची?"

"एकटी आहे. अंत्यविधीला गेले होते तेव्हा एकच वाक्य बोलली. म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. त्यानंतर मी गेलेली नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?" निघताना त्यांनी उसामींना जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुकवलेल्या अळंब्या दिल्या. आणि दार ओढताना म्हणाल्या, "लोकांना उठवायचं सोडलंत म्हणे. असं करू नका. उठवा. फक्त..."

"विचारीन," उसामी म्हणाले.

आणि खरंच विचारायला लागले. त्याने फलाटावर काय गोंधळ उडाला! चारच मिनिटं, चार डबे, आणि हा माणूस प्रत्येक झोपलेल्याला टकटक करून विचारतोय, "साहेब, कुठे जायचंय आपल्याला?" डॉक्टर तर भडकलेच. "अहो, वीस वर्षं माझ्या दारावरची पाटी वाचताय ना तुम्ही!" योनेमावशी म्हणाली, "उसामीला विसरायचा रोग लागला." एक दिवस सुमिए डबा द्यायला स्टेशनात आली, तेव्हा उसामींनी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत तिला विचारलं, "तुला शेवया कुठल्या?" सुमिए इतकी लाजली की बारीक म्हणून बसली.

मार्च उजाडला. दिवस-रात्र सारखे होण्याच्या आठवड्यात आमच्याकडे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातात, गोड सारणाचे भाताचे लाडू घेऊन. त्या शुक्रवारी पाच बावन्नची गाडी खच्चून भरलेली आली. उसामी पहिला डबा करून दुसऱ्यात शिरले, आणि थांबले.

हामुराबाई. डोळे मिटलेले. मांडीवर जांभळ्या रुमालातला डबा, त्यावर दोन्ही हात, आणि हातांची पेरं पांढरी पडलेली.

झोपलेल्या माणसाचे हात असे नसतात. उसामींना आता ते कळत होतं. बाई पुन्हा वाट बघत होत्या, कुणीतरी येऊन आपल्याला मागच्या डब्यात नेऊन बसवण्याची. न बोलता पुढे जावं, गाडी आपोआप नागिसाकीला जाईल, म्हातारीला लेक भेटेल, असंही उसामींच्या मनात आलं. पण तेही मग बाईंसाठी आपणच ठरवल्यासारखं झालं असतं. त्यांनी दांडीवर टकटक केलं.

"बाई, कुठे जायचंय आपल्याला?"

हामुराबाईंनी डोळे उघडले. उसामींना बघून त्यांचा चेहरा कसानुसा झाला. ओठ हलले, आवाज नाही. डब्यातले लोक बघायला लागले. बाहेर सहकाऱ्याने जोडणी सोडवल्याचा दणका ऐकू आला. तिसरा आणि चौथा डबा तसाच राहिला होता; तिथले झोपलेले आज आपापल्या नशिबाने जाणार होते. घड्याळ उसामींच्या पाठीमागे होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते वळून बघावंसं त्यांना वाटलं नाही. भोंगा वाजला. उसामी हलले नाहीत. कुणीतरी पुटपुटलं, "काय चाललंय?" हामुराबाईंचे डोळे भरून आले, आणि तरी उसामी एक अक्षर बोलले नाहीत. इतका वेळ गप्प उभं राहणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"नागिसाकी," बाई म्हणाल्या.

"नागिसाकी, बरोबर?"

"बरोबर," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आईकडे."

उसामींनी टोपीला हात लावला, खाली उतरले, दारं लागलेली बघितली आणि सिग्नलकडे बोट रोखलं. गाडी सुटली. पन्नास सेकंद उशिरा.

पन्नास सेकंद म्हणजे आमच्याकडे लहान गोष्ट नाही. स्टेशनमास्तर कुबोदेरा उसामींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. त्यांनी छापील कागद पुढे ठेवला आणि खाली मान घालून म्हणाले, "काका, तुम्हाला हा कधी भरावा लागला नव्हता. कसा भरतात माहीत तरी आहे का?"

उसामींनी पेन घेतलं. उशिराचं कारण, या रकान्यात त्यांनी लिहिलं: प्रवाशाच्या उत्तराची वाट बघितली. त्याखाली शेवटचा रकाना असतो, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय कराल. तिथे सगळे एकच वाक्य लिहितात, यापुढे अधिक दक्षता घेईन. उसामी त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. मग त्यांनी नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

पुन्हा होईल. क्षमा असावी.